न सुटणारा बोल्ट आणि साधनाची निवड



समजा, तुमच्यासमोर एका जुन्या जीपचे चाक काढून ठेवले आहे. मधोमध आसाची लोखंडी तबकडी आहे आणि ती सहा बोल्टांनी घट्ट बसवलेली आहे. त्यांतला एक बोल्ट सुटत नाही. तुमच्या हातात एक पाना आहे. तो बोल्टावर नीट बसत नाही, पण बसल्यासारखा वाटतो. नेमका पाना आणायचा तर तास-दीड तास जाईल. तुम्ही काय कराल?

सत्संगात बसून या प्रश्नाचे उत्तर देणे अगदी सोपे आहे. मीही दिले असते. पण रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, गुडघे टेकून बसलेलो असताना मी हातातला पानाच लावला. त्याच्या दोन महिने आधी एका माणसाच्या बाबतीतही मी हेच केले होते. बोल्टाची गोष्ट घडली नसती तर माणसाची गोष्ट माझ्या ध्यानात आली असती की नाही, याची मला शंका आहे. म्हणून दोन्ही तुमच्यापुढे ठेवतो.

तंजावरला आमचे एक स्नेही राहतात. भोसले राजांच्या काळात तेथे जाऊन स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक. घरात अजून मराठी बोलतात, मात्र ती ऐकताना आपल्याला मध्येच थांबून अर्थ लावावा लागतो. (तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या मंदिरातला मराठी शिलालेख जरूर पाहा. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. भिंतीच्या भिंती आपल्या भाषेने भरलेल्या पाहून क्षणभर आपण कुठे आहोत हेच विसरायला होते.) या स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांची जीप आहे, साठ वर्षांपूर्वीची. ती विकावी असे घरातल्या प्रत्येकाने त्यांना एकदा तरी सांगितले आहे. ते विकत नाहीत.

एका सकाळी त्याच जीपमधून आम्ही दोघे कुंभकोणमच्या परिसरातील मंदिरे पाहायला निघालो. कुंभकोणम मागे टाकून चेन्नईच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर गेले की तिरुप्पनंदाळ लागते. गावाच्या अलीकडेच पुढच्या डाव्या चाकातून खर्रखर्र असा आवाज येऊ लागला. बेअरिंग गेले असावे असा स्नेह्यांचा अंदाज. अकरा वाजून गेले होते. तमिळनाडूतील मंदिरे दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात, हे मला माहीत होते. स्नेही मिस्त्री शोधायला गावात गेले. मी म्हटले, तोवर निदान चाक तरी काढून ठेवतो.

चाकाचे नट सुटेनात. मी पान्याच्या दांड्यावर पाय दिला. मग दोन्ही पाय देऊन उभा राहिलो. कट्ट असा आवाज झाला आणि एक स्टड मुळापासून तुटून नटासकट हातात आला. स्नेही परतले, त्यांनी तुटका तुकडा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "डाव्या बाजूला उलटे आटे असतात हो." विलीजच्या जुन्या जीपांमध्ये डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. चाक पुढे फिरताना नट आपोआप ढिले पडू नयेत, हा त्यामागचा विचार. म्हणजे इतका वेळ मी जो जोर लावत होतो, तो सगळा नट आणखी आवळण्यात जात होता. उरलेले नट उलटे फिरवताच सुटले.

इथे मी शहाणा व्हायला हवे होते. मिस्त्री तासाभरात येतो म्हणाला होता. पण चाक निघाले होते, मंदिर बंद व्हायला अर्धा तास होता, आणि आता उरले होते फक्त आसाच्या तबकडीचे सहा बोल्ट. मी म्हटले, पाच मिनिटांचे काम आहे. स्नेह्यांच्या पेटीतला १४चा पाना बोल्टावर चढेना. १५चा चढला, पण सैल. मी तोच लावला. पाच बोल्ट कसेबसे सुटले. सहावा हलला नाही. मग स्क्रू पाना काढला, त्यावर पाइपचा तुकडा चढवून दांडा लांब केला आणि ओढले. पाना निसटला. माझी बोटे तबकडीवर आपटून सोलली गेली, आणि बोल्टाच्या डोक्याचे सहाही कोपरे गुळगुळीत झाले. आता त्यावर कोणताच पाना धरत नव्हता. दुसऱ्या दिवशी योग्य मापाचा आणला असता, तरी तोही धरला नसता.

हे शेवटचे वाक्य कृपया लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मिस्त्री आले. साठीचे गृहस्थ, कपाळावर विभूती, खांद्यावर पंचा. त्यांनी बोल्टाकडे पाहिले, मग माझ्या बोटांकडे, आणि तमिळमध्ये काही म्हणाले. स्नेह्यांनी हसत भाषांतर केले: "दोघांनाही सारखेच लागले म्हणतात."

त्यांच्या तीनचाकीत पत्र्याच्या तीन वेगवेगळ्या पेट्या होत्या. तीन कशाला, असे मी विचारले. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्याला तीन लागतातच, हे मला तेव्हा कळले, आणि ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. स्क्रूच्या आट्यांना ठरावीक माप असावे, असे पहिल्यांदा सुचवले इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी, १८४१ मध्ये. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टाला बसेलच याचा भरवसा नसे. व्हिटवर्थ यांनी आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांची पद्धत मांडली आणि ती तिकडे रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात दोन मित्रराष्ट्रांची यंत्रे एकमेकांच्या बोल्टांनी दुरुस्त होईनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एक माप मान्य केले. आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९५६चा, त्याने मेट्रिक पद्धत आणली. त्याच सुमारास या देशाच्या रस्त्यांवर अमेरिकन घडणीची जीप धावत होती, मद्रासमध्ये ब्रिटिश घडणीची बुलेट तयार होऊ लागली होती, आणि टाटांचा ट्रक जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने निघत होता. एकाच रस्त्यावर तीन कुळांचे बोल्ट! वरून पाहिले तर सगळे सहाकोनी आणि सगळे गंजलेले.

त्यातही गंमत अशी की पान्यावरचा आकडाही फसवतो. मिस्त्रींनी दोन पाने माझ्या तळहातावर ठेवले. दोन्हींवर ३/८ असे कोरलेले. एकाचे तोंड दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! अमेरिकन पान्यावरचा आकडा बोल्टाच्या डोक्याची रुंदी सांगतो, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या दांड्याची जाडी सांगतो, त्याचे डोके असते अठरा मिलिमीटरचे. आमच्या बोल्टाचे डोके ९/१६ इंचाचे होते, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. म्हणून १४चा चढेना आणि १५चा सैल. फरक पाऊण मिलिमीटरचासुद्धा नाही. पण सैल पाना बोल्टाच्या सपाट बाजूला नीट टेकत नाही, तो फक्त कोपऱ्यांवर अडतो. सगळा जोर त्या बारीक कोपऱ्यांवर येतो. तुम्ही जितके बलवान, तितके कोपरे लवकर जातात.

मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने गंज साफ केला, बोल्टाच्या कडेने तेल सोडले, हातोडीने डोक्यावर पाच-सहा बारीक टोले दिले. पुन्हा तेल सोडले. मग पंचाने हात पुसून म्हणाले, चार वाजता येतो. मला वाटले, विनोद करतात. तोवर काय करायचे, असे मी विचारले. "काही करायचे नाही. हात लावायचा नाही," स्नेह्यांनी भाषांतर केले.

तर आम्ही एका झाडाखाली बसलो, आणि स्नेह्यांनी मला तिरुप्पनंदाळची कथा सांगितली.

येथील देव अरुणजटेश्वर, तांबूस जटांचा शिव. ताटका नावाची एक स्त्री (रामायणातली नव्हे, ही वेगळी) रोज त्याला हार घालायची. एके दिवशी हार घालण्यासाठी तिने दोन्ही हात उचलले आणि तिचे वस्त्र सुटू लागले. हात खाली घ्यावेत तर हार पडेल, वर ठेवावेत तर लाज जाईल. तिची अडचण पाहून शिवलिंगच तिच्याकडे झुकले आणि हार गळ्यात घेतला. पुढे ते तसेच कललेले राहिले. तिथल्या राजाला ते सरळ करावेसे वाटले. त्याने दोर बांधून हत्ती जुंपले, सैन्य लावले. लिंग तसूभरही हलले नाही. ही वार्ता ऐकून तिरुक्कडवूरचे कुंगिलिय कलय नायनार तेथे आले. शिवाच्या त्रेसष्ट नायन्मार भक्तांपैकी हे एक. रोज देवापुढे गुग्गुळाचा धूप जाळणे हीच त्यांची सेवा. घरात अन्न नसताना पत्नीने धान्यासाठी काढून दिलेले मंगळसूत्रही त्यांनी धूपासाठी देऊन टाकले, असे बाराव्या शतकात शेक्किळार यांनी रचलेल्या 'पेरिय पुराणम'मध्ये सांगितले आहे. (त्या पत्नीविषयी मला नेहमी जास्त आदर वाटत आला आहे, पण तो आजचा विषय नाही.) कलयांनी दोराचे एक टोक लिंगाला बांधले, दुसरे स्वतःच्या गळ्यात अडकवले आणि ओढू लागले. लिंग सरळ झाले.

ही कथा सांगताना बहुतेक जण म्हणतात की जे बळाने झाले नाही ते भक्तीने झाले. ते खरेच आहे. पण त्या दुपारी सोललेल्या बोटांवर रुमाल बांधून मी ती ऐकत होतो, म्हणून मला दोर दिसला. राजाने जे साधन निवडले, त्यात त्याच्या स्वतःच्या अंगाला काही लागणार नव्हते. दोर तुटला असता तर हत्ती कोलमडले असते, लिंग भंगले असते. राजा छत्राखाली उभा होता. कलयांनी जे साधन निवडले, त्यात ओढणाऱ्याचाच गळा आवळला जाणार होता. समोरचे हलले नाही तर जे काही होईल ते आपल्याला होईल, अशी ती व्यवस्था होती.

आणखी एक. लिंग कलले होते ते दोषामुळे नव्हे. कुणाची तरी लाज राखण्यासाठी ते झुकले होते. सरळ करायला निघालेल्या राजाने, हे का वाकले, असे कुणाला विचारल्याचा उल्लेख निदान मी ऐकलेल्या कथेत तरी नाही.

स्नेही पुढे काही सांगत होते, पण माझे लक्ष उडाले. मला आमच्या केंद्रातले काका आठवले.

हे काका आमच्या केंद्राचे ज्येष्ठ साधक. नाव सांगत नाही. पुस्तक विक्रीचा हिशेब वर्षानुवर्षे त्यांच्याकडे होता. दोन महिन्यांपूर्वीच्या मासिक बैठकीच्या आधी मी वही पाहिली, तर सहा महिन्यांच्या पावत्या चढवलेल्याच नव्हत्या. बैठकीत बारा-तेरा साधक होते. मी वही उघडली, रिकामी पाने एकेक करून सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो, "सेवेत शिस्त नसेल तर ती सेवा कसली?" वाक्य चांगले होते. म्हणताना मला ते चांगले वाटलेही होते. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणि एक पाकीट घरी पाठवून दिले. पाकिटात सहा महिन्यांची रक्कम पै न् पै होती, पावत्यांसकट, तारखेनुसार लावलेली. त्यानंतर ते केंद्रात आले नाहीत.

पुढे त्यांच्या सुनेकडून कळले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. वहीच्या ओळी त्यांना दिसत नव्हत्या. काम काढून घेतील म्हणून त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

आता मला सांगा, मी बोललो ते खोटे होते का? नाही. हिशेब लिहिला जायला हवा होता का? हो. माझा हेतू वाईट होता का? मी खूप तपासून पाहिले, हेतूही वाईट नव्हता. आपण सारे साधनमार्गावरचे लोक हेतू तपासायला शिकलेले असतो. पण हेतू तपासून झाला की आपल्याला वाटते, काम संपले. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. हे मी कितीदा वाचले असेन. पण 'करण', म्हणजे ज्याच्या योगे कर्म होते ते साधन, हे कर्त्याहून वेगळे मोजले आहे, इकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. कर्ता शुद्ध असला म्हणून करण आपोआप योग्य ठरत नाही. भाष्यकार करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ घेतात. वाणी हे त्यांतलेच एक. आणि ही करणे अनेक प्रकारची आहेत, असे गीता सांगते. मी मात्र आयुष्यभर एकच पाना घेऊन फिरत होतो, सगळ्यांसमोर स्पष्ट बोलण्याचा. तो बहुतेक ठिकाणी बसल्यासारखा वाटायचा.

महात्मा गांधींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज'मध्ये साधन आणि साध्य यांचा संबंध बी आणि झाडासारखा आहे असे मांडले. आपण ते मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवतो, स्वराज्य, सत्याग्रह वगैरे. मासिक बैठकीत, पुस्तक विक्रीच्या वहीसाठी आपल्याला ते आठवत नाही. मला तरी आठवले नाही. हाताशी असलेले साधन आपण उचलतो ते समोरच्याला बसते म्हणून नव्हे, तर आपल्याला सोयीचे असते म्हणून. काकांच्या घरी जाऊन, दार लोटून, वही दोघांमध्ये ठेवून बसायला एक संध्याकाळ लागली असती. बैठकीत बोलायला दोन मिनिटे लागली.

इथे तुम्ही म्हणाल, मग काय, कुणाला काही बोलायचेच नाही? प्रेमाने, गोड, हळूहळू एवढेच? मीही त्या झाडाखाली बसून याच निष्कर्षाला आलो होतो, आणि मनातून जरा समाधानीही झालो होतो. चार वाजता मिस्त्री आले आणि त्यांनी तो निष्कर्ष मोडला.

त्यांनी पेटीतून सहा बाजूंची एक गोटी काढली, बोल्टाच्या डोक्यापेक्षा किंचित लहान. ती डोक्यावर ठेवून हातोड्याने अशी हाणली की मी दोन पावले मागे सरकलो. दुपारभर मी लावला नसेल इतका जोर त्या चार घावांत होता. गोटी डोक्यात रुतून बसली. मग त्यांनी दांडा लावला आणि बोल्ट आधी आवळला, अगदी केसभर. सोडवायचा बोल्ट आवळतात? मी विचारले. गंजाची पकड कोणत्याही दिशेने एकदा तुटावी लागते, असे त्यांचे उत्तर. मग सोडवण्याच्या दिशेने जोर. किंचित हलला. पुन्हा आवळला, पुन्हा सोडला, तेल टाकले. मागे-पुढे, मागे-पुढे. दहा मिनिटांत तो बाहेर आला. आला नसता तर काय केले असते? डोक्यावर नवा नट वेल्ड करून त्याच्या उष्णतेने सोडवला असता. तेही जमले नसते तर ड्रिलने कापून काढला असता. "चाक वाचवायचे आहे, बोल्ट नाही," असे ते म्हणाल्याचे स्नेह्यांनी सांगितले.

म्हणजे जोर ही वाईट गोष्ट नव्हती. त्या भागात फिरलात तर गावोगावी मंदिरांचे प्रचंड लाकडी रथ दिसतील. तिरुवारूरच्या रथाला तर तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने लोखंडी चाके, आस आणि हायड्रॉलिक ब्रेक करून दिले आहेत. असा रथ हजारो माणसे दोरांनी ओढतात. तो जोर नसेल तर रथ जागचा हलणार नाही. पण रथाला वळवायला सुकाणू नसते. चाकाशेजारी चालणारी काही माणसे नेमक्या क्षणी चाकाखाली लाकडी पाचर सारतात, तिने रथ वळतो आणि थांबतो. तिला तमिळमध्ये मुट्टुक्कट्टै म्हणतात. रोजच्या बोलण्यात हाच शब्द 'अडथळा' या अर्थाने वापरतात, असे स्नेही म्हणाले. पाचर सारणाऱ्याचा हात चाकाच्या अगदी जवळ असतो.

काकांच्या बाबतीत मी गप्प बसलो असतो तर तेही चुकीचेच साधन ठरले असते. सहा महिन्यांचे वर्ष झाले असते, आणि मोतीबिंदू कुणाच्याच लक्षात आला नसता. म्हणून 'कठोर की मवाळ' हा प्रश्नच मला आता फारसा उपयोगी वाटत नाही. काही विचारायचेच असेल तर मी स्वतःला असे विचारतो: हे साधन निसटले तर कुणाला लागेल? बैठकीतले माझे वाक्य निसटले असते तरी मला काही लागणार नव्हते. घरी जाऊन बोललो असतो आणि काका चिडले असते, तर ते माझ्या तोंडावर चिडले असते, आणि मला एकट्याला ते सोसून परत यावे लागले असते. हे मोजमाप सगळीकडे चालेल असे मी म्हणत नाही. जिथे एखाद्यावर अन्याय चालू आहे, तिथे उघडपणे, चारचौघांतच बोलावे लागते. तिथे बंद दाराआडची चर्चा हेच चुकीचे साधन असते. पाना आधी बोल्ट पाहून निवडायचा असतो. उलटे आटे आहेत का, तेही पाहायचे असते. काही माणसे अशी असतात की त्यांना जितके रेटाल तितकी ती आवळत जातात. आपण म्हणतो, किती हट्टी! आणि दांड्यावर दोन्ही पाय देऊन उभे राहतो.

काम झाल्यावर मिस्त्रींनी तो जुना बोल्ट आणि तुटलेला स्टड माझ्या हातात ठेवला. हा परत बसवू नका, नवा घाला, असे बजावले. मग आम्ही हात धुऊन देवळात गेलो. लिंगापुढे उभा असताना मी काय मागितले ते सांगत नाही.

परत आल्यावर मी काकांकडे गेलो आणि क्षमा मागितली. योग्य शब्दांत, योग्य जागी, त्यांच्या घरी, एकट्याने. ते म्हणाले, "अहो, त्यात काय एवढे," आणि चहा दिला. पुन्हा गेलो. पुन्हा चहा. आता तुम्हाला मघाचे वाक्य आठवेल. कोपरे गेलेल्या बोल्टावर योग्य पानाही धरत नाही. माझ्या क्षमायाचनेत काही कमी नव्हते, पण ती जिथे पकडायची ते आधीच मी झिजवून ठेवले होते. साधकांना हे कुणी फारसे सांगत नाही. आपल्याला वाटते, चूक कळली, पश्चात्ताप झाला, क्षमा मागितली की झाले. आपल्या बाजूने होते. समोरच्या बाजूला गंज तसाच असतो.

म्हणून गेले वर्षभर मी दर गुरुवारी जातो. केंद्रात या, असे म्हणत नाही. हिशेबाचा विषय काढत नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आठवडाभर रोज वर्तमानपत्र वाचून दाखवले. त्यांना ते आवडले की नुसते सोसले, मला सांगता येणार नाही. काही गुरुवारी आम्ही दोघे अर्धा तास गप्पच बसतो. एकदा बोलायला दुसरे काही नव्हते म्हणून मी त्यांना ही जीपची सगळी हकिकत सांगितली, उलट्या आट्यांपासून सोललेल्या बोटांपर्यंत. लिंगाची कथाही सांगितली. ते ऐकत होते की नाही, तेही कळले नाही. चहा झाला आणि मी निघालो.

मागच्या गुरुवारी मी चपला घालत होतो, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला.

"तो जुना बोल्ट ठेवलाय का हो तुम्ही?"

मी हो म्हणालो.

"पुढच्या वेळी आणा. बघू द्या मला."